रुखवतातली चुंबळ

मी चुंबळ बोलतेय. बायकांच्या डोक्यावर, हंड्याखाली असते ती. वजन सगळं माझ्यावर, कौतुक मात्र हंड्याचं.

एकाहत्तर सालच्या लग्नसराईत पुष्पावतीच्या आईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून मला केलं, वर लाल खण शिवला आणि रुखवतात मांडलं. तिथून मी नव्या नवरीबरोबर श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आले.

पुष्पावती बोलायची कमी, बघायची फार. नवरा, गोरक्षनाथ, ट्रॅक्टर चालवायचा. तो पाटावर कलून बसतो, हे तिनं पहिल्या आठवड्यातच हेरलं.

"गळू हाय," तो म्हणाला. "सीट टोचती."

तिनं मला सीटवर ठेवलं. मधलं भोक बरोबर माकडहाडाखाली. त्याला आराम पडला, आणि दवाखाना लांबला. गळू फुटायचं, वाहायचं, बुजायचं, पुन्हा भरायचं. पुष्पावती मला गुपचूप धुवायची.

"दवाखान्यात चला की."

"डाक्टरपुढं विजार सोडू? मूळव्याध झाली म्हनून गावभर हुईल."

मग एकदा तो तापानं फणफणत आला. त्या दिवशी पुष्पावतीनं मला धुतलं नाही. तसंच नेऊन सासूपुढं ठेवलं.

"आगं, डोक्यावरची चीज बुडाखाली दिलीस? काही रीतभात?" छबूबाई कडाडल्या. मग मला उचलून त्यांनी वास घेतला, आणि आवाज उतरला. "कवापासनं?"

"मी आले तवापासनं, आत्याबाई."

"आन् मी हितंच हुते," छबूबाई म्हणाल्या.

सकाळी बैलगाडीत पालथा निजवून त्याला श्रीरामपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "ही मूळव्याध नाही. तासन् तास बसून, घामानं, घासून केस कातडीत घुसतात. आत पोकळी होते, पू धरतो. ड्रायव्हर लोकांत बघतो मी हे. यात लाजायचं काय?"

चीर दिली, तेव्हा पुवाबरोबर केसांचा पुंजका निघाला. जखम शिवली नाही, ती तळापासून भरत यायला हवी. रोज धुऊन पट्टी बदलायची, भोवतीचे केस काढत राहायचे, एका जागी फार बसायचं नाही.

पट्टी करणार कोण? नवी सून, भरदिवसा, नवऱ्याच्या तसल्या जागी! छबूबाईंनीच दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर ठाण मांडलं. कुणी आलं की सांगायच्या, "आत काम चाललंय." बायका तोंडाला पदर लावून परत जायच्या.

आतून गोरक्षनाथचा आवाज यायचा, "हसतीस व्हय?"

"न्हाई. जखम बघतीय."

जखम भरायला दोन महिने गेले. आता तो मधूनमधून ट्रॅक्टरवरून उतरतो, पाय मोकळे करतो. आठवड्याला पुष्पावती वस्तरा काढते, तेव्हा कुरकुरतो, पण पालथा होतो.

मला परत डोक्यावर कुणी घेतलं नाही. पण आज छबूबाईंनी मला उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं आणि शेजारच्या श्रीमंत नावाच्या गड्याकडे आणलं. तो ट्रक चालवतो. हल्ली चालताना तोंड वाकडं करतो.

"ही बैलगाडीत बसायला दिलीय," त्या म्हणाल्या, "घरात बसायला न्हाई. बैलं जुंपल्यात, चल दवाखान्यात."

तो मला हातात धरून खाली बघत उभा आहे. बाबा रे, मी दुखणं फक्त सोसायला मदत करते. बरं करणारे श्रीरामपूरला आहेत. उचल पाय.