शून्य घड्या

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. बावीस वर्षं ती कापड कापत होती आणि तिची कात्री कधी रेघ सोडून गेली नव्हती. पण मुकादम व्हायचं तर शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा दाखला हवा होता. त्या परीक्षेत बाई मागच्या वर्षी बीजगणितात दोन गुणांनी आपटली होती. यंदाची संधी शेवटची. हुकली, तर चार महिन्यांपूर्वी आलेला एक दाखलेवाला तिच्या डोक्यावर बसणार होता.

तिचं घोडं अडलं ते घातांकांपाशी. पाचाचा तिसरा घात म्हणजे पाच तीनदा घेऊन गुणायचा, इथवर ठीक. पण पाच एकदाही घेतला नाही, तर उत्तर एक कसं? शिकवायला बसलेली तिची मुलगी म्हणाली, नियमच आहे, शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्य घात एकच येतो, पाठ कर. बाईनं मागच्या वर्षी पाठच केलं होतं. ऐन पेपरात पाठांतरानं दगा दिला आणि तिनं शून्य लिहिलं. आपल्या टाळक्यात हे शिरायचं नाही, असं वाटून तिला रडू यायचं, आणि मुलीपुढे रडायची लाजही वाटायची.

कारखान्यात प्रत्येक कामाची चिठ्ठी येई आणि तिच्यावर घड्यांचा आकडा असे. एक घडी घातली की कापडाचे दोन पदर, दोन घातल्या की चार, तीन घातल्या की आठ. वरून कात्री एकदाच फिरवायची.

परीक्षेला आठवडा उरला असताना नमुन्याच्या पडद्याची चिठ्ठी आली. घड्या शून्य. दाखलेवाल्यानं ती बाजूला सारली आणि आरामात चहा प्यायला बसला. दुपारी पडद्याचा पत्ता नाही म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा तो म्हणाला, शून्य लिहिलं होतं, म्हणजे काम नव्हतं.

"अहो, घडी नको म्हटलंय," बाई म्हणाली. "कापड नको असं कुठं म्हटलंय? कापड आहेच की टेबलावर. एक पदर."

बोलता बोलता तिची कात्री हातातच राहिली.

घरी मुलीनं वही उघडली, पण आज प्रश्न आईनं विचारले.

"दुहेरी घडी घाल, तिहेरी घाल, पाचपदरी घाल. घातलीच नाहीस, तर पदर किती?"

"एक."

"आणि एकाचा शंभरावा घात?" बाईनं तिच्या हातात इस्त्री दिली. "ही शंभर वेळा फिरव. पदर वाढला तर सांग."

मुलीनं इस्त्री दोनदा फिरवली आणि बाजूला ठेवली. शाळेपासून ती हे घोकत आली होती. असं का, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न होता: साताचा शून्य घात अधिक एकाचा नववा घात. बाईनं उत्तर लिहिलं, दोन. निकालात ती बरोबर काठावर पास झाली, एकही गुण जास्त नाही.

मुकादमीच्या पहिल्याच सकाळी तिनं दाखलेवाल्याला एक चिठ्ठी दिली. घड्या शून्य. त्यानं काही न विचारता कापड अंथरलं.