पहिला घोट

सडव्याच्या मडक्याला कान लावून सुशिलाबाई बसली की घरात कोणी तोंड उघडायचं नाही, हा नियम तिच्या सासूच्या वेळेपासूनचा. सून दुर्गेश्वरी शेजारी उकिडवी बसून सासूच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मडक्यात दारू गाळण्यासाठी भिजवलेली मोहफुलं, म्हणजे सडवा, पाच दिवसांपासून बुडबुडत होता.

“ऐक,” सुशिलाबाई म्हणाली. “बोलून राहिली अजून. बोलनं थांबलं का मंग भट्टीवर ठेवाची. एक दिस आधी ठेवली तं पानचट, एक दिस मांगं पडली तं आंबट.”

“आत्या, तो सेवकराम तं दोन दिवसांतच काढते म्हने.”

“त्याले काय लागते व. कारा गूर आन नवसागर टाकला का फुगलाच सडवा. तसली दारू कुत्र्यापुढं बी ठेवू नये मानसानं.”

या घराण्यात चार पिढ्या दारू गाळत आल्या. सुशिलाबाईच्या नवऱ्याच्या, छोटेलालच्या, आजोबाकडे तर सरकारी परवाना होता. पुढं परवाना गेला, शेती आली, मुलगा योगराज कर्ता झाल्यावर किराणा दुकान आलं. धंदा सुटला, पण वर्षाचं एक मडकं सुटलं नाही. अक्षय तृतीयेला, म्हणजे अक्तीला, पितरांपुढं पळसाच्या द्रोणात पहिल्या धारेची दारू ठेवायची. आणि पितरांच्याही आधी, ज्यानं ती दारू आणली त्यानं सगळ्यांसमोर पहिला घोट घ्यायचा. जे आपण पिणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. छोटेलालचा बाप हा रिवाज भट्टीवर प्रत्येक गिऱ्हाइकापुढं पाळायचा, त्यामुळे सांजेला त्याला दोघांनी धरून घरी आणावं लागायचं.

छोटेलाल गेल्या पावसाळ्यात गेला. यंदाच्या अक्तीला तो पहिल्यांदा पितरांच्या पंगतीत बसणार होता. जायच्या आठ दिवस आधी खाटेवरून त्यानं बायकोजवळ एकच गोष्ट मागितली होती. “माह्या द्रोनात तुह्या हातचीच पायजे. दुसऱ्या कोनाची नोको.” सुशिलाबाईनं हो म्हटलं होतं. म्हणून यंदा गुडघे धरलेले असतानाही ती चैत्रभर पहाटे उठून मोहाखाली वाकली. एकेक फूल पाहून वेचलं, खळ्यावर वाळवलं.

योगराजला हे मडकं डोळ्यांपुढं नको होतं. तो गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. “माय, लोकं हासतेत ना मले,” असं तो वर्षातून चार वेळा म्हणायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र त्याच्या काळ्या गुळाच्या भेल्या छतापर्यंत रचलेल्या असत आणि नवसागराची पोती कोपऱ्यात. लहानशा गावातल्या दुकानाला इतका काळा गूळ कशाला लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं. दारू गाळणं वाईट, गाळणाऱ्याला माल पुरवणं हा व्यापार. लेकाचं हे गणित सुशिलाबाईच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

सहाव्या दिवशी सडव्याचं बोलणं थांबलं. सुशिलाबाई चुलीत लाकडं लावतच होती, तर दाराशी बायांचा मोर्चा आला. पुढं ओमेश्वरी. तिचा नवरा बिसराम शिमग्यात सेवकरामच्या भट्टीवर प्याला आणि गोंदियाच्या दवाखान्यात पोचायच्या आत, सालेकशाच्या रेल्वे फाटकाशीच गेला. पस्तिशीही गाठली नव्हती त्यानं. बायांनी सकाळीच सेवकरामची मडकी फोडली होती, त्यांच्या लुगड्यांना अजून त्याचा वास येत होता.

“भाऊ, सेवकरामची फोडली,” ओमेश्वरी योगराजला म्हणाली. “आता तुमच्या घरची. अध्यक्षाच्याच घरी मडका असन तं आमी कोनाले सांगावं?”

योगराजला फार विचार करावा लागला नाही. तो सरळ आत आला. सुशिलाबाई मडक्यापुढं आडवी झाली.

“तुह्या बापाच्या नावाचं हाय योगराज. चार दिस थांब. अक्ती झाली का मी सोता फोडीन.”

“बाजूले हो माय. बाहेर लोकं पाहून राहिले.”

त्यानं मडकं उचलून अंगणात नेलं. तीन-चार मोबाइल वर झालेले दिसताच त्याची बोली बदलली. “सुरुवात आपल्या घरापासून झाली पाहिजे,” तो म्हणाला आणि मडकं दगडावर आपटलं. महिनाभराची मेहनत अंगणभर पसरली. कोंबड्या धावत येऊन फुलं टिपू लागल्या.

सुशिलाबाई रडली नाही. ती मागच्या खोलीत गेली आणि नवसागराचं अर्धं पोतं ओढत ओढत बायांपुढं घेऊन आली. तिला धाप लागली होती.

“ओमेश्वरी, माह्या मडक्यात फूल आन पानी होतं. तुह्या बिसरामच्या पोटात गेलं ते हे हाय. सेवकराम हे कुठून आनते, विचार या अध्यक्षाले.”

ओमेश्वरीनं पोत्याकडं पाहिलं, मग योगराजकडं.

“ते भांड्याच्या कल्हईचं आहे,” योगराज म्हणाला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

गावात कल्हईवाला येऊन पंधरा वर्षं झाली होती. घरोघरी स्टीलची भांडी. तिथं उभ्या एकूणएक बाईला ते माहीत होतं. पण उद्याचं तेलमीठ याच दुकानातून न्यायचं होतं, आणि दारूविरुद्ध बायांच्या बाजूनं उभा राहिलेला गावात हा एकच पुरुष होता. बाया एकेक करून पायाच्या बोटांकडं पाहू लागल्या.

“माफ कर काकी,” ओमेश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मले आता दारू म्हनजे दारूच दिसते.”

तिच्यावर सुशिलाबाईला रागावता येईना. नवरा गेलेली बाई, तिनं कशाला बरोबर म्हणायचं आणि कशाला चूक? पण लेकाचा तिला इतका संताप आला की त्या दिवशी तिनं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात योगराजचा फोटो आला. फुटलेलं मडकं पायाशी, आणि तो हात जोडून.

अक्तीला चिचगडहून छोटेलालचा धाकटा भाऊ भैय्यालाल आला. भाऊबंद जमले. फोटोला हार घातला, पाटापुढं द्रोण मांडले.

“वहिनी, पहिली धार कुठं हाय?” भैय्यालालनं विचारलं.

“फुटली.”

योगराज उठला. मागच्या खोलीतून त्यानं प्लास्टिकची बाटली आणली. “रिवाज तं पुरा कराच लागते ना काका,” असं म्हणत त्यानं बापाचा द्रोण भरला.

नाकाला झोंबणारा तो वास सुशिलाबाईनं बसल्या जागी ओळखला. सेवकरामनं नाल्यापलीकडं नवी मडकी मांडल्याचं तिच्या कानावर आलंच होतं. माल कुठून गेला असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्यानं बिसराम मेला, ते आता छोटेलालच्या पुढं आलं होतं, आणि तेही पोटच्या लेकाच्या हातून.

ती भांडली नाही. तिनं द्रोण उचलला आणि लेकापुढं धरला.

“ज्यानं आनली त्यानं पहिला घोट घ्याचा. घे.”

“माय, आता हे कायले...”

“बराबर हाय गा,” भैय्यालाल म्हणाला. “तुहा बाप बी घेत होता.”

सगळे पाहत होते. योगराजनं द्रोण हातात घेतला, तोंडाजवळ नेला. हनुवटीपाशी हात थांबला.

“नका पिऊ जी,” दारातून दुर्गेश्वरीच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिनं पदर तोंडावर धरला, पण शब्द सगळ्यांनी ऐकले होते.

योगराजनं द्रोण खाली घेतला. “मी दारूबंदीची शपथ घेतली हाय काका. अध्यक्ष आहो मी.”

“हे बी बराबर हाय,” भैय्यालाल म्हणाला, आणि भाऊबंदांनी सुटकेचा श्वास टाकला. योगराजनं तो द्रोण तसाच बापाच्या फोटोपुढं ठेवला.

“तुले प्याचा भेव वाटते,” सुशिलाबाई हळू आवाजात म्हणाली, “आन बापाले पाजतेस.”

तिनं द्रोण उचलून अंगणात ओतला. रिकामा द्रोण परत आणून जागेवर ठेवला आणि सुनेला म्हणाली, “टोपल्यात फुलं उरली हायत. भिजव.”

घरात दुसरं मडकं नव्हतं. दुर्गेश्वरीनं नवऱ्याकडं न पाहता प्यायच्या पाण्याचा माठ उचलला, अंगणात रिकामा केला आणि टोपलं पुढं ओढलं. फुलांना सहा दिवस लागणार होते, आणि अक्ती आजच होती.