तिसऱ्या फेरीला बंद

हौसराव मिस्त्रीला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बाबा, चारचौघांत शपथ घेताना जीभ जरा आखडती धर. पण सांगणार कोण? साठी उलटली तरी त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. केडगावात टू-स्ट्रोक इंजिन उघडणारा आता तो एकटाच उरला होता, आणि हे तो गिऱ्हाइकाला दिवसातनं चारदा ऐकवायचा.

झालं होतं असं. मांडवगणच्या सुरजनं पुण्यातनं एक जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाईक उचलून आणली, मातीतल्या शर्यतींसाठी. मिस्त्रीनं इंजिन लावून दिलं आणि पंधरा दिवसांत पिस्टन जाम. मिस्त्री म्हणाला, लेका, तू पेट्रोलात ऑइल कमी मिसळलंस. नवा पिस्टन बसवला. तर आता गाडी तिसऱ्या फेरीला गचके द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. पुन्हा दुकानात आणली, पुन्हा तेच. शेवटी सुरजनं सरळ व्हिडिओ काढून सगळीकडं पसरवला: केडगावच्या मिस्त्रीनं डुप्लिकेट पिस्टन घातलाय, तिकडं फिरकू नका. तो व्हिडिओ मिस्त्रीला दाखवला कुणी, तर त्याच्या सुनेनं. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. त्यानं निरोप धाडला, की रविवारी निमोण्याच्या माळावर सगळ्यांच्या देखत गाडी तपासतो. माझ्या हातची चूक निघाली तर जन्मात पुन्हा पाना धरणार नाही. नाही निघाली, तर ज्या फोनवर बदनामी केलीस त्याच फोनवर माफी मागायची.

रविवारी माळावर तीसेक पोरं जमली होती आणि सगळी सुरजची. मिस्त्रीला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. सुरजची आई म्हाळसा गाडी आणलेल्या टेम्पोच्या सावलीला बसली होती. शुक्रवारी दुकानातनं गाडी न्यायला आली होती ती हीच, लेकाबरोबर. गाडीच्या नंबरप्लेटला भंडारा लावलेला बघून मिस्त्रीनं आल्या आल्या तिला टोमणा मारला, की बाई, देवाला कशाला त्रास देता, आधी पोराला ऑइल मोजायला शिकवा. म्हाळसानं नुसतं बघितलं.

मिस्त्रीनं पहिल्यांदा प्लग काढला. तोंड पांढरंफटक. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, हे उघडच होतं. ठिणगी मात्र झकास. मग कार्बोरेटर खोलला, त्यातली भोकं फुंकली, सगळी साफ. कुठून फालतू हवा ओढतंय का म्हणून इंजिनाच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला. काही नाही. ऊन चढलं, मिस्त्रीचा बनियन पाठीला चिकटला, आणि पोरं मागनं खिदळायला लागली. एक जण म्हणाला, मामा, यूट्यूब लावू का? मिस्त्रीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि हातातला पाना मातीत आदळला.

"पळव गाडी," तो सुरजला म्हणाला. "बंद पडली की हात लावू नको तिला."

तिसऱ्या फेरीला गाडी बंद पडली. मिस्त्री ढेकळांतनं धावत गेला आणि त्यानं पेट्रोलची नळी उपसली. टाकी अर्धी भरलेली, तरी नळीतनं थेंब थेंब. मग त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली आणि नळीतनं पेट्रोलची धारच लागली. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही; गाडी दहा मिनिटं उभी राहिली की थोडी हवा झिरपते, म्हणून पुन्हा चालू. पेट्रोलच नाही तर त्यातलं ऑइल तरी कुठलं? पिस्टन जाम झाला होता तो त्यानंच. म्हणजे पिस्टन अस्सल, काम चोख. मिस्त्रीनं हे ओरडून सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि पोरांची तोंडं बघून घेतली. मग खिशातनं तार काढून त्यानं भोकात घातली. तारेच्या टोकाला पिवळा चिकटा आला.

सुरजनं पिवळं बघितलं आणि गर्रकन वळला आईकडं. म्हणाला, तुझा भंडारा. कितीदा सांगितलं, गाडीला लावू नको म्हणून. माझ्या शर्यतीचं वाटोळं केलंस. पोरंही तिकडंच बघायला लागली. म्हाळसा हलली नाही.

मिस्त्री मात्र तारेकडं बघत होता. पिवळ्यात लाल होतं. भंडाऱ्यात कुंकू कुठलं? हळद-कुंकवाचं ओलं बोट टाकीच्या झाकणाला लावून मगच गाडी हातावेगळी करायची, ही तीस वर्षांची सवय होती त्याच्या दुकानातली. या गाडीला तीनदा लावलं होतं. आणि पुढं काय केलं भल्या माणसानं? तार गुपचूप पँटला पुसली.

सुरजनं दिल्या शब्दाप्रमाणं फोन काढला. मिस्त्रीची माफी मागतो म्हणाला, पिस्टन ओरिजनल आहे, काम एक नंबर आहे. त्यानं मिस्त्रीचे पायसुद्धा धरले. हवं होतं ते सगळं मिस्त्रीला मिळालं. आणि मग त्या पोरानं फोन फिरवला तो थेट आईच्या तोंडावर, आणि म्हणाला, ही बघा, हिच्या देवभोळेपणानं झालं सगळं. पोरं हसली. म्हाळसानं पदर पुढं ओढला नाही की मान खाली घातली नाही. ती फोनकडं नव्हे, मिस्त्रीकडं बघत होती.

मिस्त्रीला ते बघणं सोसेना.

"फोन हिकडं कर," तो म्हणाला. "भंडारा न्हाई त्यो. हळद-कुंकू हाय, आन् माझ्या हातचं हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं, सवयीचं, तीन वेळेचं, तार पुसली त्याचंही. कुणी हसलं नाही आणि कुणी त्याला मोठ्या मनाचाही म्हटलं नाही. सुरजचा फोन धरलेला हात तेवढा खाली आला. पाना मातीत पडला होता तो मिस्त्रीनं उचलला नाही.

म्हाळसा उठली, लुगडं झटकलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"शुक्रवारी तुम्ही बोट लावलं तवा मी तिथंच व्हते, मिस्त्री. सांगता का न्हाई ते बघत बसले. एवढा येळ लागला तुमास्नी?"

सुरज पुढं झाला, ‘आई’ म्हणत तिचा हात धरायला गेला. तिनं हात सोडवून घेतला.

"ह्यो तर परका माणूस. तू माझा हाईस, आन् तू इचारलं बी न्हाईस."

आणि टेम्पोकडं न बघता ती निमोण्याच्या रस्त्यानं चालत निघाली.