दोन बायकांचा एक प्रवेश

समाज बदलायला एक चांगलं वाक्य पुरेसं असतं, यावर स्तंभलेखिकेची श्रद्धा होती. गेली कित्येक वर्षं ती रविवारच्या पुरवणीत टीव्हीवर लिहीत होती, आणि एवढ्या काळात तिच्या वाक्यांमुळे एका वाहिनीच्या बातम्यांमागचं ढोलताशाचं संगीत जरा हळू झालं होतं. तेही पुढे पूर्ववत झालं.

त्या रविवारी तिने 'महाराणींचा दरबार' या कार्यक्रमावर लिहिलं. दरबार रोज संध्याकाळी लागायचा. त्यात महाराणी नावाने गाजलेला ड्रॅग कलाकार कधी सासू व्हायचा, कधी शेजारीण, कधी नवऱ्याला फोनवर फोन करणारी बायको. तमाम एलजीबीटीक्यू समाजाला आम्ही पडद्यावर आणलं, असं वाहिनी येताजाता सांगत असे. स्तंभलेखिकेने विचारलं, कुणाला आणलं? पुरुषाने छातीला उशा बांधल्या, विग चढवला आणि पाळी, पोट आणि सासू यांवर विनोद केले की ती क्रांती. हेच विनोद मिशीवाल्याने केले असते तर त्याला गावंढळ म्हणून हाकललं असतं. बाईपण काही जणांना संध्याकाळी काढून खुंटीला अडकवता येतं, आणि टाळ्याही त्यांनाच मिळतात. आम्ही, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, मात्र टीव्हीवर एकदासुद्धा दिसलेलो नाही. कारण आम्ही बघण्यासारखं काही करत नाही. आम्ही भाजी आणतो.

लेख चांगला झाला होता, म्हणजे सगळेच चिडले. तिच्याच मंडळींच्या ग्रुपवर एका पोरीने लिहिलं, "काकू, तुम्ही आता विश्रांती घ्या." दुसऱ्याने ती गद्दार असल्याचं पुराव्यासकट मांडलं. त्याहून वाईट म्हणजे संस्कृतिरक्षण मंडळाच्या अध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन आला.

"ताई, अगदी आमच्या मनातलं लिहिलंत. तुमचा सत्कार करायचाय."

"मी एका बाईबरोबर राहते," ती म्हणाली.

"बरंच आहे की. खर्च वाटला जातो."

"आमचं एकमेकींवर प्रेम आहे."

"असायलाच हवं. आजकाल माणसांत तेच राहिलं नाही बघा."

तिने फोन ठेवला. या देशात कुणी आपल्याला विरोध करावा म्हटलं तरी त्याला आधी समजावून सांगावं लागतं, असं तिने डॉक्टरला सांगितलं.

डॉक्टर दातांची होती. दोघींचा संसार चौदा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी वडील गेल्यावर स्तंभलेखिकेची आई त्यांच्याकडे राहायला आली, आणि आली त्या दिवसापासून डॉक्टरला "तुझी ती मैत्रीण" म्हणत होती. घरात खोल्या दोनच. एक आईला दिलेली. त्यामुळे बिचाऱ्या मैत्रिणीला लेकीच्या खोलीत दाटीवाटीने झोपावं लागतं, याचं आईला फार वाईट वाटे. "मी हॉलमध्ये पडते गं, त्या पोरीला स्वतःची खोली दे," असं ती आठवड्यातून एकदा म्हणे. पोरगी पन्नाशीला आली होती. आई तिच्यासाठी स्थळंही बघत होती. सध्या एका विधुर इंजिनियरच्या आईशी बोलणी रंगात आली होती.

खरं दुखणं इथे होतं. रविवारी लाखभर वाचकांना ठणकावून सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात एक वाक्य फुटत नव्हतं. आई पुरवणी वाचत नसे, अक्षर बारीक म्हणून. पण दरबार न चुकता बघायची, आणि टीव्हीवर जे दिसतं ते जगात असतं यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तिथे एकदा, फक्त एकदा, दोन साध्या बायका एका घरात नांदताना दिसल्या असत्या, तर स्तंभलेखिकेला नुसतं बोट दाखवून "आई, हे असं" म्हणता आलं असतं.

"म्हणजे तू लढतेस ती वाहिनीशी नाही," डॉक्टर म्हणाली. "तू टीव्हीला मध्यस्थ घालतेयस."

"तू सांग मग."

"आई तुझी. कवळी तेवढी माझी."

तेवढ्यात वाहिनीचं बोलावणं आलं.

कार्यक्रमप्रमुखाची केबिन काचेची होती. आत काय चाललंय हे सगळ्यांना दिसे आणि कुणालाच ऐकू येत नसे. त्याने तिचा लेख छापून घेऊन त्यावर पिवळ्या रेघा मारल्या होत्या.

"मॅडम, शंभर टक्के मान्य," तो म्हणाला. "आम्ही कमी पडलो. तुम्ही सल्लागार म्हणून या. तुम्हाला हवं ते दाखवू."

"दोन बायका," ती म्हणाली. "एका घरात राहणाऱ्या. ओल्या टॉवेलवरून भांडणाऱ्या. कुणी जीव देणार नाही, कुणी आजारी पडणार नाही, शेवटी कुणाला पुरुष भेटणार नाही."

"मान्य."

"एकीच्या टाचेला भेगा पडल्यात. दुसरी बडबड करत मलम लावते. एवढंच."

"सुंदर! मान्य."

कार्यक्रमप्रमुख एवढ्या चटकन मान्य करतो म्हणजे त्याला वेगळंच काही समजलंय, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. "आणि मुख्य भूमिकेत महाराणी!" तो म्हणाला.

काचेच्या केबिनमध्ये काही क्षण बाहेरूनही ऐकू यावी अशी शांतता पसरली.

"अहो, बाईची भूमिका आहे ती."

"म्हणून तर. मॅडम, त्याच्याइतकी बाई आहे कोण आमच्याकडे?"

उठून जायचं तर हीच वेळ होती. ती उठली नाही. आपण उठलो तर ते दुसरी सल्लागार आणतील, तिला टाचा आवडत नसतील, आणि आई इंजिनियरची तारीख ठरवून मोकळी होईल, एवढं तिला लख्ख दिसलं. हा प्रवेश होणार, आणि तो दोन बायकाच करणार, असं तिने तिथेच बसून ठरवलं.

पुढच्या आठवड्यात महाराणी भूमिकेच्या अभ्यासाला घरी आला. झगा अंगावर नसताना तो स्वतःला तो म्हणायचा, म्हणून आपणही म्हणू. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, विरळ झालेले केस, उंच टाचांनी कामातून गेलेले गुडघे. दार आईने उघडलं. रोज संध्याकाळी जिला बघून आई डोळे पुसेस्तोवर हसायची, ती दारात उभी होती आणि आईने ओळखलं नाही. एकटा, वयाला शोभेसा पुरुष घरी आलाय म्हणजे मैत्रिणीलाच बघायला आलाय, हे मात्र तिने लगेच ओळखलं.

"बसा. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि एक मांजर, मावशी."

"लग्न?"

"राहून गेलं."

"आमच्या डॉक्टरचंही राहूनच गेलं बघा," आई म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

महाराणीने स्तंभलेखिकेकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग आतल्या एकुलत्या एका डबलबेडकडे. बायकांचं निरीक्षण हाच त्याचा धंदा होता.

"यांना माहीत नाही?"

"काय?"

"तुम्ही दर रविवारी गावाला सांगता ते."

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघू लागली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"माझा मुद्दा तो नाही," स्तंभलेखिका म्हणाली. "तुम्ही ही भूमिका करू नये, हा आहे."

"वाचलं मी. ताई, शाळेपासून मला पुरुषांनी दगड मारलेत. बाईचा पहिला दगड तुमचा, आणि नेम सगळ्यांत चांगला तुमचाच."

"तुम्हाला नाही मारला. त्या सासूला मारला, त्या शेजारणीला. बाई म्हणजे लठ्ठ, बाई म्हणजे कटकट, बाई म्हणजे लिपस्टिक. कुठली बाई बघून उभ्या केल्यात?"

"सासू ही माझी आत्या आहे. शब्दाला शब्द तिचा. आणि समोर बसून बायकाच हसतात."

"आम्ही हसतो. आम्हाला लहानपणापासून सवय आहे. म्हणून ते बरोबर ठरत नाही."

"हे बघा, मी कुणाची जागा ढापायला निघालो नव्हतो. आमच्यासारख्यांना आत जायला एकच दार होतं, ते विनोदाचं. मी घुसलो."

"घुसलात ते झकास केलंत. पण आत गेल्यावर दार लावून घेतलंत. आता आतले लोक सांगतात, झाले की सगळे आत."

"कडी मी नाही लावली."

"टेकून तर उभे आहात."

यावर महाराणी हसला. खोट्या पापण्या नसल्यामुळे हसू खरं वाटत होतं. "हे वाक्य दरबारात वापरू?"

"मुळीच नाही."

आई पाणी घेऊन आली आणि त्याला पगार विचारू लागली. त्याने सगळी उत्तरं अदबीने दिली. जाताना बुटाच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, "मी नाही म्हटलं तर ते सगळंच गुंडाळतील. मला कुठलीतरी भूमिका द्या. फुटकळ, पण दिसेल अशी."

"घरमालकीण," स्तंभलेखिका म्हणाली. "भाडेकरूंच्या दारात येऊन नाक खुपसते. तिचं विडंबन करा हवं तेवढं. घरमालकिणींबद्दल माझा आक्षेप नाही."

महाराणीने दुसऱ्या दिवशी वाहिनीला कळवलं, की नायिकेच्या भूमिकेत आपल्याला दम वाटत नाही, घरमालकीण झकास आहे. कार्यक्रमप्रमुख म्हणाला, सुंदर, मान्य. नाटकातल्या दोन मुरलेल्या नट्या घेतल्या. स्तंभलेखिका चित्रीकरणाला दिवसभर उभी राहिली. वेशभूषावालीने दोघींना रेशमी गाऊन आणले होते, ते तिने परत पाठवले आणि धुऊन धुऊन मऊ पडलेले दोन कुर्ते मागवले. पार्श्वसंगीतवाल्याला सनई नको म्हणाली, व्हायोलिन नको म्हणाली, मग तो कंटाळून जेवायला गेला. प्रवेश झाला. एक नटी पाय पुढे करून बसली, दुसरी मलम लावता लावता म्हणाली, "दुकानदाराने दिल्या त्या चपला घेतेस, पायाला विचारलंस का कधी?" कॅमेरामन हसला. त्याच्या घरी हेच चालायचं. झग्यातल्या महाराणीने दाराआडून अंगठा वर केला.

"बघ," त्या दिवशी घरी येऊन ती डॉक्टरला म्हणाली, "झालं."

प्रवेश लागणार होता त्या शुक्रवारी तिघी टीव्हीसमोर बसल्या. स्तंभलेखिकेने आईला मधली खुर्ची दिली आणि बोट दाखवायला हात मोकळा ठेवला.

पडद्यावर घरमालकीण आली. तिने जिना चढला, धाप टाकली, भाडेकरूंची बेल वाजवली आणि बंद दाराशी बोलू लागली. पाण्याच्या टाकीबद्दल बोलली, स्वतःच्या सुनेबद्दल बोलली, गॅसच्या त्रासाबद्दल बोलली. आई हसून हसून खोकली. दाराआडून एका बाईचा आवाज आला, "आले, आले!" मग जाहिरात लागली. जाहिरातीनंतर घरमालकीण जिना उतरत होती. मग नावं आली. विशेष सल्लागार म्हणून स्तंभलेखिकेचंही आलं.

टाच, मलम, टॉवेल, काहीच नव्हतं. मोबाइलवर कार्यक्रमप्रमुखाचा निरोप होता: वेळ कमी पडला मॅडम, पण आवाज ठेवलाय.

"मी चहा टाकते," डॉक्टर म्हणाली.

"बस खाली."

डॉक्टर बसली. चौदा वर्षांत तिने हा सूर दोनदाच ऐकला होता.

"आई, आवाज कमी कर."

"जाहिरात तर आहे."

"तरी कर. मला सांगायचंय. ही माझी मैत्रीण नाही."

आईने डॉक्टरकडे पाहिलं. "का गं? भांडलात?"

"नाही. म्हणजे भांडतो. तू आणि बाबा भांडायचात तसं."

"आम्ही नवरा-बायको होतो."

"तेच सांगतेय."

टीव्हीवर कुणाचा तरी शर्ट पांढराशुभ्र निघाला. आईने रिमोट उचलला आणि स्वतःच बंद केला.

"तेच म्हणजे?"

"म्हणजे हा आमचा संसार आहे, आई. हिला कुठे द्यायचं नाही. मलाही नाही. प्रेम आहे म्हणून एकत्र राहतो, भाडं परवडत नाही म्हणून नाही. टीव्हीवर दाखवतील आणि मग सांगू, असं मी म्हणत होते. ते दाखवणार नाहीत. म्हणून मी सांगतेय."

आईने आतल्या डबलबेडकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि ती खोली?"

"आमची आहे."

"दोन वर्षं मी जीव जाळतेय, त्या पोरीची अडचण होते म्हणून."

"हो."

"पाठीचं दुखणं घेऊन हॉलमध्ये झोपायला निघाले होते मी. आणि तुम्ही दोघी मनातल्या मनात हसलात?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाली. "घाबरलो."

"मला?" आईने विचारलं. तिला कुणी घाबरतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते तिला आवडलंही नाही. ती उठून आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

त्यानंतर काही दिवस ती लेकीशी बोलली नाही. डॉक्टरशी बोलायची, कारण कवळी टोचत होती. "तिला सांग, मीठ संपलंय," असं दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या लेकीकडे न बघता सांगायची. डॉक्टर निरोप पोचवायची. स्तंभलेखिकेने सगळं निमूट ऐकलं. माघार मात्र घेतली नाही, "चुकलं" म्हणाली नाही, आणि खोलीचं दार उघडं ठेवू लागली.

मग एका सकाळी इंजिनियरच्या आईचा फोन आला. स्तंभलेखिका ओट्याशी दूध बघत उभी होती. डॉक्टर दवाखान्यात निघाली होती, ती चप्पल घालता घालता थांबली.

"नाही हो," आई फोनवर सांगत होती. "तिचं केव्हाच झालंय. आम्हालाच उशिरा कळलं. नाही, लांब नाही, आमच्याच घरात दिलीय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"स्थळ बरं आहे," आई म्हणाली. "तापट आहे जरा. लिहिते."

दूध उतू गेलं.

वर्षाच्या अखेरीस टीव्ही समीक्षकांची पारितोषिकं जाहीर झाली. सर्वोत्कृष्ट स्त्री व्यक्तिरेखेचं पारितोषिक घरमालकिणीला मिळालं.