बहुपेडी म्हणून उठू नका

अहो, इकडं लक्ष द्या, आज मला अगदी राहवत नाही! मी 'बहुपेडी' बोलतोय. दोराला पेड असतात, वेणीला असतात, तसे एखाद्या प्रश्नालाही असतात. एक ओढावा तर दुसरा आवळतो. अशा प्रश्नाला लागणारं विशेषण म्हणजे मी.

पण माणसांनी माझी पार रया घालवली. साताऱ्याच्या बैठकीत, सांगलीच्या परिसंवादात कुणीतरी घसा खाकरून "प्रश्न बहुपेडी आहे" म्हणायचं, की सगळे माना डोलावून चहाला उठायचे. लाज वाटायची हो मला.

परवा मात्र माण तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसभेत गेलो, उत्कर्षाच्या तोंडून. ही सिद्धू मेंढक्याची लेक, साताऱ्याला कॉलेजात शिकते. गावानं डोंगरावर झाडं लावली आणि देवापुढचा भंडारा उचलून शपथ घेतली, की मेंढराचं पाऊल वर पडू द्यायचं नाही. भरात येऊन सिद्धूनंही भंडारा उचलला! आता चाऱ्यावाचून मेंढरं वाळली. शपथ मोडावी तर देवाचं भय, पाळावी तर सोमवारच्या बाजारात सगळी मेंढरं विकायची. सरपंच लालासाहेबांचाही जीव तुटत होता, पण झाडं जगली तरच विहिरींना पाणी.

"आबा, ह्यो प्रश्न बहुपेडी हाय," उत्कर्षा सरपंचांना म्हणाली. झालं, आता उठणार सगळे! लालासाहेब सवयीनं उठायलाच लागले.

"आवं, बसा की," उत्कर्षा म्हणाली. "पेड हायती म्हणून तर येकेक सोडवायचा. शपथ मेंढराच्या पायाची हाय, आपल्या विळ्याची न्हाई. गवत कापून खाली आणलं तर?"

आणि लालासाहेब खरंच बसले! मग काय विचारता, एकेक पेड सुटायला लागला. एवढं गवत एकट्या घराला कापवणार नाही, हे सिद्धूच्या बायकोनं, सुलाबाईनं सांगितलं. शेतकरी म्हणाले, आम्ही हात लावतो, पण मेंढरं रात्री आमच्या रानात बसवा. म्हणजे रानाला लेंडीखत आणि मेंढरांना चारा.

सिद्धूनं टॉवेलानं तोंड पुसलं. "म्हंजी सोमवारी बाजार न्हाई?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "सोमवारी विळा घिऊन डोंगरावर यायचं. मीबी येतो."

काय सांगू, जन्माचं सार्थक झालं माझं! तेव्हा बाबांनो, अडल्या प्रश्नाला मला खुशाल लावा. फक्त मला म्हणून झालं, की उठू नका.