डाव्या हाताखालची डबी

हसू नका, पण मी मशेरीची डबी बोलतेय. पेढ्याएवढी, पत्र्याची, झाकण जरा सैल. स्वतःची ओळख द्यायलाही लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकलं. सुटले बाई एकदाची!

पेणच्या बाजारात भांडीवाल्याच्या टोपलीत मी पडून होते. काय चकचकीत होते तेव्हा! धरमतरच्या खाडीकाठची सगुणा आली, माझं झाकण उघडून-मिटून पाहिलं आणि मला कनवटीला खोचलं. तेव्हापासून आम्ही दोघी एकाच लुगड्यात. ती मिठागरात घोट्याएवढ्या पाण्यात मीठ ओढायची, मी तिच्या कमरेला. घरी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा असा खकाणा उडायचा की शेजारपाजारचे खोकत शिव्या घालायचे. ती काळी पूड माझ्या पोटात.

सगुणा गळ्याची बाई. गावात कुणाचं लग्न असलं की मांडवात धवले गायला तिलाच बोलावणं. तिची गाणी झाल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही. सकाळी बोटाने मशेरी लावली की म्हणायची, "आता कसं, तोंड मोकलं झालं." मला वाटायचं, तो आवाज माझ्याच जिवावर आहे. तिचे दात काळे पडले, हिरड्या सुटल्या, तरी माझा तोरा काही उतरला नाही.

मग नातीचं, किमयाचं लग्न ठरलं रोह्याला. किमयाने बजावलं, "आजी, स्पीकर नाय, मोबाईल नाय. माझ्या लग्नात तूच गायचं." आणि नेमकी तेव्हाच सगुणाची दाढ ठणकायला लागली. गाल असा सुजला की घास जाईना, मग गाणं कुठलं! तिने उपाय काय केला? मलाच उघडलं. जरा बधिर वाटायचं, की पुन्हा ठणका. शेवटी किमयाने तिला मिनीडोर रिक्षात घालून पेणला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. म्हणाल्या, "आजी, दाढ आतून मोडलीय, वेळ लागेल. नाकानं श्वास घ्या. दुखलं, जबडा अवघडला, तर नुसता डावा हात वर करा. मी लगेच थांबेन."

"व्हय," सगुणा म्हणाली आणि तिचा डावा हात गेला माझ्यावर.

पदर सरकला तर मी दिसेन ना! काळे दात तर दिसणारच होते, निदान डबी तरी दिसू नये. खुर्ची मागे झुकली तसं तिने मला तळव्याखाली दाबून धरलं. मशीन घरघरत होतं. तिचा जबडा थरथरायला लागला, पाय आखडले, डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. डॉक्टरीणबाई मधून मधून विचारत, "दुखतंय का?" मान हलायची, नाय. अगो, कर की हात वर! पण मी पत्र्याची, ओरडू कशी? माझ्यापायी ही बाई दुखणं गिळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाढ निघाली एकदाची. कापूस चावून धरा, बाहेरून थंड फडकं लावा, पेज गार करून प्या, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या करा. "आणि मशेरी अजिबात नाही हं, जखम चिघळते."

"मी लक्ष ठेवते डॉक्टर," किमया म्हणाली.

घरी बधिरपणा उतरला आणि जबडा धरला. तोंड बोटभरही उघडेना. किमया फडकं भिजवून द्यायची, गोळी द्यायची, पेज फुंकून द्यायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा परसात गेली, इकडे तिकडे पाहिलं आणि मला उघडलं. "जराशीच," माझ्याशी बोलल्यासारखं पुटपुटली, "निस्ती ठणक मारायला." घरात तिने स्वतः काढलेलं मीठ पोतंभर होतं, आणि बोट शिरलं माझ्यात.

मग वास यायला लागला. ठणका कानापर्यंत गेला. लग्न तर जवळ आलेलं. पुन्हा पेण, पुन्हा ती खुर्ची, पुन्हा माझ्यावर तोच हात.

जखम धुताना चिमट्याला काळे कण लागले. "आजी, काय लावलंत?"

"काय नाय गो बाय. निस्तं पानी."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोंडात नळी आणि कापूस घातला, आणि किमयाकडे वळल्या. "लक्ष ठेवणार होतीस ना? हे असलं लक्ष? अशाने आजी गातील का तुझ्या लग्नात?"

किमयाला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

माझ्यावरची मूठ आवळली. वाटलं, आता चेपते की काय मी! तोंड भरलेलं, सगुणाला बोलायची सोय नव्हती. तिने डावा हात वर केला.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "दुखतंय?"

हातात मी होते.

त्या मोठ्या दिव्याखाली सगळ्यांनी मला पाहिलं. माझं सैल झाकण निघालं आणि मशेरी तिच्या पदरावर सांडली. सगुणाने डोळे मिटून घेतले. किमयाने मला बाजूला ठेवलं, पदर झटकला आणि आजीचा रिकामा हात हातात घेतला. "दुखलं की दाब. मी सांगते त्यांना."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना बरेचदा थांबावं लागलं.

मला परत न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी इथेच आहे, दवाखान्याच्या खिडकीत, धुऊन पालथी घातलेली. लग्नानंतर किमया नवऱ्याला घेऊन पेढे द्यायला आली आणि तिने मोबाईल लावला. रोह्याच्या मांडवात सगुणा गात होती. आवाज थोडा फाटका, मध्येच दम घ्यायला थांबली, पण तिचाच. आणि माझ्याशिवाय! खोटं कशाला बोलू, ऐकून आनंद झाला आणि तोंड लपवावंसंही वाटलं.

इथे रोज कुणी ना कुणी बाई येते. खुर्ची मागे झुकते, डॉक्टरीणबाई डाव्या हाताचं सांगतात, आणि एखादीचा हात हळूच कमरेवर जातो. त्या हाताखाली कोण आहे ते मला कळतं. बायांनो, तिला आणा इकडे, माझ्याशेजारी खिडकीत पुष्कळ जागा आहे. तो हात तेवढा मोकळा असू द्या.