बिनपट्टीची सूचना

रईसला लोकांच्या वस्तू सुधारून द्यायची खोड होती, आणि त्यासाठी लोकांनी विचारलंच पाहिजे असा त्याचा आग्रह नव्हता. मूल गावच्या बाजारात त्याचं ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सचं दुकान. कोणी फोटो काढायला आलं की हा आधी त्याचा भांग सुधारायचा, मग कॅमेरा उचलायचा. तेव्हा जंगलाकाठच्या पळसटोल्याच्या गुणवंतराव गुरुजींचा ब्लॉग त्याच्या तावडीतून सुटणं कठीणच होतं.

गुरुजी निवृत्त झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, रोज दिवेलागणीला ब्लॉगवर एक सूचना टाकत: जंगलात कुठल्या बाजूला वाघ दिसला. माथ्यावर रुंद पट्टी. लाल म्हणजे जायचं नाही, पिवळी म्हणजे जपून, हिरवी म्हणजे खुशाल. पण थीम जुन्या जमान्यातली, मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी. रईसने आठ दिवस खपून ती नव्या फ्रेमवर्कवर चढवली. म्हणजे अक्षरं तेवढी मोठी करून, बाकी वरचं रूप तेच ठेवून पानाचा आतला सांगाडा बदलला. काल दुपारी त्याने स्वतः एक हिरवी सूचना टाकून पाहिली. झकास दिसली. ती पुसून त्याने गुरुजींना फोन लावला. "तुमच्यासाठी काईच बदललं नाई गुरुजी. रोजच्यासारखंच करजा."

सकाळी आठला त्याची बायको सईदा फोन घेऊन आली. "अच्छा दिसते. पण पट्टी कुठी गेली?"

"कोणती पट्टी?"

"लाल. वाघीण लिहून आहे, पिल्लांसकट, नाल्याच्या बाजूले. मंग लाल नको?"

रईसने पाहिलं. अक्षरं टपोरी, ओळी सरळ, आणि माथ्यावर धुतलेल्या चादरीसारखं पांढरं.

हातातला चहा त्याने तसाच खाली ठेवला. गुरुजी सूचना कधी नव्याने लिहीतच नसत. मागची लाल सूचना आतल्या कोडसकट उतरवायची आणि फक्त जागेचं नाव बदलायचं, ही त्यांची बारा वर्षांची रीत. त्या उतरवलेल्या कोडमध्ये पट्टीचं जुनं नाव होतं. नवं फ्रेमवर्क ते नाव ओळखत नव्हतं, आणि अनोळखी नाव दिसलं की ते ओरडत नाही. रंग गाळून गप्प बसतं.

मोहफुलांचे दिवस होते. पळसटोल्याच्या अकरा बाया ती वेचायला उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात निघत. त्यांची म्होरकी सुकरी. तिला अक्षर येत नव्हतं. हापशीवर ती फोन हातभर लांब धरायची, रंग बघायची आणि चालू लागायची.

रईसने गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, बाया गेल्या का?"

"कवाच्याच. काऊन?"

"पट्टी पांढरी आली आहे."

मग गुरुजी म्हणाले, "मी तं लालच उतरवली होती. तू म्हणला काई बदललं नाई."

दुरुस्ती एका ओळीची होती. दोन मिनिटांत पट्टी लाल झाली आणि रईसला कळलं, याचा आत्ता काही उपयोग नाही. जंगलात नेटवर्क नव्हतं. बायांच्या फोनात पहाटेचं पांढरं पानच गोठून बसलं असणार.

त्याने मोटरसायकल काढली. अंधाऱ्या बोळातून जायचं तर खाकरत जाणारा माणूस तो. आज जंगलाच्या दिशेने निघाला होता आणि दर वळणावर हॉर्न वाजवत होता. अकराही जणींचे फोटो त्यानेच काढलेले. कोणाचा पदर सारखा केलेला, कोणाची टिकली मध्यावर आणलेली. ते चेहरे फोटोतल्यासारखेच, न हसता, एकामागून एक समोर येत होते.

गावाच्या टोकाला गुरुजी थाळी आणि पळी घेऊन उभे होते. मोटरसायकल तिथेच ठेवून, थाळी बडवत दोघे धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत गेले. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बाया बसल्या होत्या. टोपल्या रिकाम्या. सुकरी तंबाखूचा खर्रा चघळत होती.

"बाई, तुम्ही गेल्या नाई?"

"पट्टीच नाई दिसली. लाल नाई, हिरवी नाई. म्हटलं, गुरुजी मेला असन. खबर आल्याबिगर जंगलात कोन जाते? इथंच बसलो."

"मेलो नाई मी," गुरुजी म्हणाले.

"दिसून राह्यलं."

रईस हसायला गेला आणि बाया मोजू लागला. नऊ. पुन्हा मोजलं. नऊच.

"दोघी कुठी आहेत?"

सुकरीचं तोंड चालायचं थांबलं. "सून माझी, रंजीता, अन तिची जाऊ. थे म्हणे, लाल नाई तं धोका नाई. दहावी शिकलेली आहे, तिले मी काय सांगू? नाल्याकडं गेल्या."

"तिला वाचता येते ना? वाचलं नाई?"

"बारा सालात कोनं वाचलं, भाऊ?"

तेवढ्यात नाल्याच्या बाजूने चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागल्यासारखं. एकदा, मग लागोपाठ. झाडावरची वानरं खेकसू लागली. नऊही बाया उठल्या. गुरुजी पळी थाळीवर आपटायची विसरले, ती वरच राहिली.

झुडपं हलली. दोघी बाहेर आल्या. पळत नव्हत्या, पाठ न वळवता, एकमेकींचा हात धरून, उलट्या पावलांनी येत होत्या. धुऱ्याला टाच लागली तेव्हा रंजीता मटकन खाली बसली.

"रेतीत पंजे होते," ती म्हणाली. "एक मोठा, मागं लहान लहान. त्याच्यात पानी भरून राह्यलं होतं. आमच्या समोर भरून राह्यलं होतं, इतके ताजे."

सुकरीने सुनेच्या हातातली टोपली घेऊन खाली ठेवली आणि आपला फोन रईससमोर धरला. "लाल करून दाखव."

धुऱ्यावर नेटवर्कची एकच रेघ होती. रईसचं बोट दोनदा भलतीकडेच पडलं. पान उघडायचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि लाल उमटलं. सुकरीने फोन हातभर लांब धरून पाहिलं.

"रईसभाऊ, पुढं काई सुधरवशीन तं आधी मले दाखवजो. मले वाचता येत नाई, म्हणून मलेच दाखवजो."

"दाखवतो, बाई."

परतताना तो बायांच्या मधोमध चालत होता. जंगलाकडे पाहायची हिंमत नव्हती, पण दर दहा पावलांनी मान वळवून तो बाया मोजत होता. अकरा. पुन्हा अकरा.